दरवर्षी शेणखत टाकतोय, तरी सेंद्रिय कर्ब ०.३८ वरच का अडकलाय?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कोरडवाहू काळी जमीन, एक वर्ष कापूस-तूर, एक वर्ष सोयाबीन-हरभरा. चार वर्षं झाली, एकरी दोन ट्रॉली शेणखत पडतंय. माती परीक्षणाच्या पहिल्या अहवालात सेंद्रिय कर्ब (काडीकचरा, मुळ्या, शेण कुजून मातीत राहिलेला कार्बन) ०.३६ टक्के होता, परवाच्यात ०.३८ आला. एवढा पैसा मातीत गेला का? आणि पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची वाळकी झाडं, जाळून टाकली तर काय बिघडतं?

पैसा मातीतच गेलाय, आणि तिथेच जायला हवा होता. मी नऊ वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काम केलंय आणि घरची सहा एकर कोरडवाहू आहे. त्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलाय.

आधी वजनाचा हिशोब करू. एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण नऊ लाख किलो भरतो. त्यात ०.३८ टक्के म्हणजे जवळजवळ ३,४०० किलो कर्ब आज तुमच्या एका एकरात आहे. ०.३८ चा ०.४८ करायचा तर आणखी ९०० किलो कर्ब नुसता टाकून भागत नाही, टिकून राहावा लागतो. तुमच्या दोन ट्रॉल्या पाच टनांच्या धरू. त्यात निम्मं पाणी, उरलेल्यात माती आणि राखही असतेच. कर्ब सहाशे किलोच्या आसपास निघेल. वर्षभरात त्यातला बहुतेक जिवाणू खाऊन टाकतात आणि तो वायू होऊन हवेत जातो. चौथा हिस्सा उरला तरी खूप, म्हणजे १५० किलो. इकडे जुन्या ३,४०० किलोंतला शेकडा दोन-तीन दरवर्षी झिजत असतो, ते झाले ७० ते १०० किलो. पिकाच्या मुळ्या काही भर घालतात ती वेगळी. हे सगळे ढोबळ आकडे आहेत, पण गणित कुठे जातंय ते कळतं. वर्षाला निव्वळ पन्नास-शंभर किलो शिल्लक पडले, तर अहवालातला आकडा दुसऱ्या दशांशस्थळाला कसाबसा हलतो.

आणि तो आकडा निघतो कसा, तेही सांगतो. तुम्ही अर्धा किलो माती पिशवीतून आणून देता. आम्ही ती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो आणि त्यातली एक ग्रॅम, कधी अर्धाच ग्रॅम, काचेच्या चंबूत घेतो. वर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण १० मिली आणि गंधकाम्ल २० मिली. चंबू हाताला चटका देईल इतका तापतो. अर्धा तास ठेवायचा, पाणी घालायचं, फॉस्फोरिक आम्ल आणि निर्देशक (रंग बदलून खूण देणारं रसायन) टाकायचा आणि ब्युरेट नावाच्या मोजनळीतून फेरस अमोनियम सल्फेट थेंबथेंब सोडायचं. गढूळ जांभळा-निळा रंग एका थेंबाला एकदम हिरवा होतो. तो थेंब चुकला की आकडा चुकला. वॉकली आणि ब्लॅक यांची ही पद्धत १९३४ पासूनची. हिच्यात सगळा कर्ब जळत नाही, साधारण तीन चतुर्थांशच पकडला जातो, म्हणून उत्तराला १.३ नं गुणतात. (चुनखडीतला कर्ब यात येत नाही, हे बरंच आहे, नाहीतर मराठवाड्यातल्या निम्म्या जमिनी कागदावर श्रीमंत झाल्या असत्या.) चाळणीतून केसाएवढी दोन मुळं जास्त गेली तरी आकडा वर सरकतो. म्हणजे ०.३६ आणि ०.३८ यांत फरक आहे असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही.

‘कमी’, ‘मध्यम’ हे शिक्केही फार मनावर घेऊ नका. आपल्याकडच्या सहा पातळ्यांच्या तक्त्यात ०.२१ ते ०.४० कमी आणि ०.४१ पासून मध्यम. देशपातळीवरच्या तीन पातळ्यांच्या तक्त्यात ०.५० च्या खाली सगळंच कमी. माती तीच, कागद बदलला की वर्ग बदलतो.

आता शेणखताचं काम. कर्ब कुजून हवेत गेला म्हणजे खत वाया गेलं असं नाही. कुजण्यासाठीच तर ते टाकतो. कुजताना त्यातलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), गंधक, जस्त सुटं होतं आणि पिकाला मिळतं. पाच टन शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तर २५ किलो होतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो असतं. फरक इतकाच, की युरियातलं पंधरवड्यात पिकाला मिळतं किंवा उडून जातं, आणि शेणखतातलं पहिल्या हंगामात थोडंच सुटतं, बाकी मागाहून हप्त्याहप्त्यानं. मातीतल्या कर्बाकडे मी गल्ल्यासारखा बघतो. दुकान चालतंय की नाही हे संध्याकाळी गल्ल्यात काय उरलं त्यावरून कळत नाही, दिवसभरात किती आलं नि किती गेलं त्यावरून कळतं. तुमचं दुकान चाललंय.

आपल्याकडे जाणारं जास्त, कारण ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, ओल असली तर. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या काळ्या रानावर पडतो तेव्हा जिवाणूंना जी जाग येते, ती चार दिवसांत कितीतरी कर्ब खाऊन बसते. तुलना करायची तर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या जुन्या शेती संशोधन केंद्राची करा. तिथे ब्रॉडबाल्क नावाच्या रानात १८४३ पासून एका तुकड्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळतंय, म्हणजे एकरी १४ टन, तुमच्या जवळजवळ तिप्पट. थंड हवा, न चुकता दीडशेहून जास्त वर्षं. तेव्हा कुठे तिथला कर्ब बिनखताच्या तुकड्याच्या दुपटीहून वर गेला. आपण चार वर्षांत अपेक्षा धरतो!

त्याच रॉथमस्टेडमधली दुसरी गोष्ट मला जास्त धीर देते. हूसफील्डच्या बार्लीच्या रानात एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग कायमचं बंद केलं. शंभर वर्षांनंतरही त्या तुकड्यात कधीच शेणखत न मिळालेल्या शेजाऱ्यापेक्षा सेंद्रिय पदार्थ जास्त सापडत होता. चढायला जसा उशीर लागतो, तसा उतरायलाही.

आपल्याकडे असे दीर्घकालीन प्रयोग भारतीय कृषी संशोधन परिषदेनं १९७० च्या सुमारास सुरू केले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाचा प्रयोग १९८८ पासून आहे. या प्रयोगांचा एकूण कल असा, की नुसतं नत्र दिलेला तुकडा मागे पडत जातो आणि नत्र-स्फुरद-पालाश (पोटॅश) यांच्यासोबत शेणखत मिळालेला सगळ्यांत पुढे राहतो. बऱ्याच ठिकाणी नुसत्या संतुलित रासायनिक खतावरही कर्ब घसरला नाही, कारण पीक दणकट आलं की मुळ्याही दणकट आणि पालाही जास्त गळतो. त्यामुळे ‘रासायनिक खतानं कर्ब जळतो’ हे वाक्य मी अर्धंच खरं मानतो. नुसत्या युरियावर रान चालवणाऱ्याला ते लागू पडतं.

आता पऱ्हाटी. जाळू नका. जाळली की कर्ब, नत्र, गंधक धूर होऊन जातात, राखेत पालाशासारखी खनिजं तेवढी राहतात. पण ‘गाडा’ म्हणतानाही एक भोग सांगतो. एका वर्षी विहिरीला पाणी होतं, म्हणून गव्हाचं काड रोटाव्हेटरनं मातीत घातलं आणि लगेच चाऱ्याचा मका पेरला. पंधराव्या-विसाव्या दिवशी खालची पानं शेंड्याकडून मधल्या शिरेच्या कडेनं पिवळी पडायला लागली. शेजारचे आबा बांधावरूनच म्हणाले, “काड बाधलं रानाला.” आणि मी तेव्हा प्रयोगशाळेत नोकरीला! झालं होतं असं: काडात नत्राच्या ऐंशीपट कर्ब असतो आणि जिवाणूंच्या अंगात आठपट. काड खायचं तर नत्र कुठून तरी हवं, ते त्यांनी मातीतलं उचललं आणि मका उपाशी राहिला. जादा युरिया दिला, महिन्याभरात मका हिरवा झाला. उसाचं पाचट कुजवताना टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक सांगतात, ते याचसाठी.

पऱ्हाटी तर लाकूडच, ती आणखी सावकाश कुजते. डिसेंबरपर्यंत कापूस संपवा, फरदडीच्या (हंगाम संपल्यावरही पीक ठेवून पुन्हा बोंडं घेण्याच्या) नादी लागू नका, श्रेडरनं बारीक तुकडे करून जागेवर पसरा. बांधावर ढीग मात्र रचू नका, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तिथेच दबा धरून बसते. पेरणीपर्यंत चार-पाच महिने मिळतात, पण खरी कुज पावसाळ्यातच होते, म्हणून पहिला नत्राचा हप्ता चुकवू नका.

बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या पाल्याचं झाड) लावा. पाऊस पडला की कोवळा पाला छाटून ओळींत टाका, तो लगेच कुजतो आणि विकतही घ्यावा लागत नाही. खोल नांगरट दरवर्षी नको. जितकं उलथापालथ कराल तितका मातीच्या कणांत दडलेला कर्ब उघडा पडतो. जीवामृताबद्दल (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी खाली सुचवेलच. द्यायचं तर द्या, माझा विरोध नाही. त्यात एकरी शेण दहा किलो असतं, म्हणजे शेणातला कर्ब किलोभराच्या आसपास. वर ९०० किलोंचा हिशोब मांडलाय, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

पुढचं परीक्षण तीन वर्षांनी करा. महिना तोच, पीक निघाल्यावर आणि खत टाकायच्या आधी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. नमुन्यासाठी व्ही आकाराचे खड्डे दरवेळी तेवढेच खोल घ्या, कारण वरवरची माती खरवडली की कर्ब उगाच जास्त दिसतो. आणि शेणखताचे ढीग जिथे पडले होते ती जागा टाळा. एका शेतकऱ्याचा कर्ब आमच्याकडे एकदम १.४ आला होता. साहेबांनी कौतुकानं त्यांना बोलावून घेतलं, तर कळलं की नमुना जुन्या उकिरड्यावरचा.