लॉग घेतला म्हणजे आकडे फिरवले का?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी, मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करणारी मुलगी. चिंता नेहमीचीच: "गाइड म्हणतात, मोजणीचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन सरळ रेषा बसव. पण व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणी विचारलं, आकडे का बदललेस, तर?"

तिची मोजणी अशी: 0 ते 5 तासांना दर मिलीलिटरमागे 12, 19, 32, 50, 83, 131 हजार जिवाणू. कच्च्या आकड्यांवर रेषा बसवून आर-स्क्वेअर (रेषा किती जुळते याचं माप, जास्तीत जास्त 1) 0.90 आला, म्हणून ती निर्धास्त होती. पण इंटरसेप्ट, म्हणजे 0 तासाला रेषा देते तो आकडा, होता उणे 3. म्हणजे प्रयोग सुरू होताना उणे तीन हजार जिवाणू! तिला रेसिड्युअल, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी वजा रेषेचा अंदाज, काढायला लावले: 15, −1, −11, −16, −6, 19. दोन्ही टोकांना अधिक, मधले सगळे उणे. असा वाटीसारखा आकार दिसला की 0.90 चं कौतुक नको.

जिवाणू दर तासाला ठरावीक पटीने वाढतात. लॉग घेतला की त्या पटीची बेरीज होते, म्हणून रेषा बसते. शिवाय मोजणीतली चूक बहुधा टक्क्यांत असते. लॉगवर ती लहान-मोठ्या आकड्यांना सारखीच पडते.

लॉग तिने आधी घेतलाही होता. दुपटीचा वेळ 3 तास 19 मिनिटं आला, म्हणून सोडून दिला. बरोबरच, दोन तासांत 12 चे 32 झालेले समोर दिसत होते. घोळ एक्सेलमधला: तिथलं साधं लॉग फंक्शन 10 च्या पायाचं, आणि त्यातून आलेल्या स्लोपने (रेषेच्या चढाने) तिने भागिले 0.693 ला, जो 2 चा नैसर्गिक लॉग. एलएन, म्हणजे नैसर्गिक लॉगचं फंक्शन, वापरल्यावर स्लोप 0.481, 0.693 भागिले 0.481 म्हणजे 1.44 तास, सुमारे 1 तास 26 मिनिटं. इंटरसेप्ट 2.48, ईएक्सपीने (एलएनच्या उलट फंक्शनने) उलटवला की जवळपास 12.

कच्च्या आणि लॉगच्या आर-स्क्वेअरची तुलना मात्र करू नये, दोन्हींची मोजपट्टी वेगळी. अंदाज उलटवून मूळ आकड्यांशी ताडावेत. उलटवलेला अंदाज सरासरीचा नसून मध्यकाचा असतो, हेही लिहावं. एखादी मोजणी शून्य असेल तर लॉग निघत नाही. सगळ्यांत 1 मिळवण्याची युक्ती सर्रास चालते, पण लहान आकड्यांवर ती स्लोप बिघडवते. आणि वाढ मंदावल्यानंतरचे तास घेतले तर लॉगवरही रेषा वाकेल. ते बिंदू कोणत्या तासापासून वगळले, हे सांगायलाच हवं.

व्हायव्हासाठी तिला दोन ग्राफ शेजारी लावायला सांगितले: कच्च्या रेषेचे रेसिड्युअल आणि लॉगच्या रेषेचे. मूळ आकड्यांचा तक्ता परिशिष्टात.