सोलर घेऊ का, पवनचक्की लावू का? वाचकांचे प्रश्न

घरच्या विजेवर या वेळी बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतले. किमती सगळ्या ढोबळ आहेत, गावागणिक आणि वेंडरगणिक फरक पडतो, त्यामुळे कमीत कमी तीन कोटेशन घ्या आणि तिन्ही शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न (नाशिक): आमचं बैठं घर आहे, वर स्लॅब. महिन्याला 220 च्या आसपास युनिट पडतात, बिल दोन हजाराच्या वर जातं. वेंडर म्हणतो 3 किलोवॅटच घ्या, 78 हजार सबसिडी मिळते. घेऊ का? मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते गेले चार वर्षांपूर्वी.

ताई, आधी मीटरचं बघा. पीएम सूर्यघर, म्हणजे घरच्या छपरावरच्या सोलरची केंद्राची योजना, तिच्यात सबसिडी ज्याच्या नावावर वीजबिल आहे त्याच्याच बँक खात्यात येते, आणि बरीचशी प्रकरणं इथेच अडकून बसतात. महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती वगैरे लागेल, आणि नवीन नावाने एक बिल हातात आलं की मगच पोर्टलवर अर्ज भरा. वेंडर घाई करेल, करू दे.

आता 3 किलोवॅटचं. आपल्याकडे 1 किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने रोज 4 युनिटच्या आसपास देतं, म्हणजे महिन्याला 120. तुमच्या 220 ला 2 किलोवॅट पुरतं. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला फक्त 18 हजार, असे मिळून ते 78 होतात. त्या तिसऱ्या किलोवॅटची वीज तुम्ही वापरणारच नसाल तर ती ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला जाणार, जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात खरे, पण 31 मार्चला हिशोब बंद होतो तेव्हा उरलेल्या युनिटला मिळणारा दर अगदीच किरकोळ असतो. तुम्ही विकत घेता त्या दराशी त्याची बरोबरीच नाही. दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं नक्की असेल तर 3 घ्या, नाहीतर नको.

2 किलोवॅटला सव्वा लाखाच्या आसपास खर्च धरा, सबसिडी 60 हजार. पण ती नंतर येते, सिस्टिम बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली, दोन्ही वीज मोजणारं) लागल्यावर, तोवर पूर्ण पैसे तुम्हालाच उभे करायचेत. 3 किलोवॅटपर्यंत सरकारी बँका कमी व्याजाने विनातारण कर्ज देतात, ते बघा. फायदा तुम्हाला चांगला होईल कारण आपल्याकडे 100 युनिटच्या पुढचा दर पहिल्या 100 च्या दुपटीच्या घरात जातो आणि सोलर आधी ते महागडे युनिट खातं. तीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतील. बिल मात्र शून्य होणार नाही, स्थिर आकार भरावाच लागतो, तेव्हा कोणी 'झिरो बिल' म्हणून विकत असेल तर त्याला हे विचारा.

कोटेशनमध्ये पॅनल डीसीआर आहे का ते लिहून घ्या, म्हणजे आतल्या सेलसकट भारतात बनलेलं. बिगर-डीसीआर स्वस्त पडतं पण त्यावर सबसिडी नाही. आणि जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झालाय, जुन्या दराने लावलेलं कोटेशन असेल तर परत करा.

प्रश्न (पाटण तालुका, सातारा): आमच्या शेतघरावर वारा जबरदस्त असतो, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या लांबून दिसतात. ऑनलाइन 1 किलोवॅटची छोटी पवनचक्की स्वस्तात दिसतेय. छपरावर बसवली तर चालेल ना?

दादा, मनापासून सांगतो, छपरावर नका बसवू.

वाऱ्याच्या ताकदीचं गणित घनाचं असतं. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, आणि निम्मा झाला की आठवा हिस्सा उरतो. समजा पात्यांचा व्यास 1 मीटर आहे आणि वारा सेकंदाला 4 मीटर, म्हणजे ताशी 14 किलोमीटरच्या आसपास, अंगाला छान लागतो असा. एवढ्या वाऱ्यात त्या चक्रातून जाणारी सगळी ताकद भरते 30 वॅट. त्यातली सगळी कोणालाच काढता येत नाही, 59 टक्के ही निसर्गाचीच मर्यादा आहे, आणि छोटं यंत्र जेमतेम तिसरा हिस्सा काढतं. हातात आले 9-10 वॅट! एक एलईडी बल्ब. जाहिरातीतले 1 किलोवॅट असतात ते साधारण सेकंदाला 12 मीटर वाऱ्याचे, म्हणजे ताशी 43 किलोमीटर, आणि तसा वारा तुमच्याकडे आषाढात काही तास असेल, रोज नाही. शिवाय पात्यांचा व्यास विचारा, 1 मीटर असेल तर त्या वाऱ्यातसुद्धा गणिताने तीनशे वॅटच्या आतच निघतात, मग किलोवॅट आणणार कुठून?

चाळकेवाडीच्या चक्क्या उघड्या पठारावर आणि खूप उंच मनोऱ्यावर आहेत, तिथला वारा सलग असतो. तुमच्या छपरावरचा वारा भिंतीला, झाडाला आपटून गिरक्या घेत येतो, चक्की सारखी तोंड फिरवत बसते, बेअरिंग लवकर जातं, आणि तिची थरथर स्लॅबमधून खाली खोलीत उतरते. रात्री झोप लागायची नाही. निदान 300 फुटांच्या आत जे काही सगळ्यात उंच असेल त्याच्या 30 फूट वर चक्की हवी असा अंदाज धरतात. तेवढा मनोरा, त्याचा पाया, ताण द्यायच्या तारा, यातच चक्कीपेक्षा जास्त पैसे जातात. आणि सूर्यघरची सबसिडी पवनचक्कीला मिळत नाही.

एकाच ठिकाणी मी हो म्हणेन. शेतघर उघड्या माथ्यावर आहे, लाईट पोचलेलीच नाही आणि बॅटरीवर सगळं चालवायचंय, तर सोलरच्या जोडीला छोटी चक्की उपयोगी पडते, कारण पावसाळ्यात सोलरची वीज घटते आणि वारा नेमका तेव्हाच चढतो. पण तिथेही आधी खांबावर वारामापक लावा, एक पावसाळा आणि एक हिवाळा आकडे लिहा. सरासरी सेकंदाला 5 मीटरच्या खाली आली तर ते पैसे आणखी दोन पॅनलला घाला.

प्रश्न (श्रीवर्धन): 3 किलोवॅट सोलर बसवलं, बिल उतरलं, पण लाईट गेली की सोलरपण बंद! ऊन टळटळीत आणि घरात पंखा नाही. आमची फसवणूक झाली का?

फसवणूक नाही, पण वेंडरने आधी सांगायला हवं होतं. तुमचं ऑनग्रिड आहे, म्हणजे ग्रिडच्या जोडीनेच चालणारं. ग्रिड गेली की त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर तुमच्या छपरावरची वीज लाईनमध्ये जाईल आणि तिकडे खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. हे कोणाकडूनही बायपास करून घेऊ नका.

उपाय म्हणजे बॅटरी आणि ग्रिड गेली तरी तिच्यावर घर चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर, आणि बॅटरीला वेगळी सबसिडी नाही. 5 युनिटची लिथियम बॅटरी लाखाच्या घरात जाते, म्हणून आधी वापर कमी करा. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30. असे चार बीएलडीसी पंखे, थोडे दिवे, वायफाय आणि फ्रीज मिळून सरासरी सव्वादोनशे-अडीचशे वॅट, आठ तासांचे 2 युनिट झाले. म्हणजे 3 युनिटची बॅटरी रात्र काढते. पाण्याचा पंप आणि गिझर त्या लाईनवर घेऊच नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ तुमच्याच भागात आलं, त्यानंतर कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, त्यामुळे कोकणात मी बॅटरीला चैन म्हणणार नाही.

आणि स्ट्रक्चर तपासा. खाऱ्या हवेत रंग दिलेलं लोखंड टिकत नाही, हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) हवं, नटबोल्ट स्टेनलेसचे. पावसाळ्याआधी पाना घेऊन एकेक बोल्ट आवळून घ्या. कौलारू घर असेल तर पॅनल वाशांवर टेकवू नका, अंगणात वेगळे खांब काँक्रीटमध्ये उभे करा.

प्रश्न (पुणे): आम्ही फ्लॅटवाले, गच्ची सोसायटीची. आम्ही काय करायचं?

सोसायटीनेच करा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरवर सोलर लावलं तर किलोवॅटला 18 हजार सबसिडी आहे आणि मेंटेनन्समध्ये फरक लगेच दिसतो. सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते आधी उरका, पॅनल बसल्यावर खाली हात जात नाही, आणि स्लॅबला भोकं पाडण्याऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर स्ट्रक्चर उभं करायला सांगा, त्या वजनाचा हिशोब इंजिनिअरला दाखवून. किलोवॅटला 100 चौरस फूट जागा धरा. डिसेंबरमध्ये सकाळी 9 ते दुपारी 3 सावली कुठवर येते ते एकदा वर जाऊन बघा, तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि टाकीची सावली लांबलचक पडते. पॅनल माळेसारखे जोडलेले असतात, एकावर सावली आली तरी बाकीच्यांची वीज उतरू शकते.

प्रश्न (अकोला): मे महिन्यात एवढं ऊन, तरी युनिट मार्चपेक्षा कमी का? आणि पॅनल किती वेळा धुवायचे?

पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. मे महिन्यात काच तापून साठ अंशांच्या पुढे जाते, आणि 25 अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशाला तिसरा हिस्सा टक्का किंवा थोडी जास्तच वीज कमी होते, म्हणून स्वच्छ थंड हवेत, फेब्रुवारी-मार्चला, आकडे छान येतात. त्यात उन्हाळ्याची धूळ. दर पंधरा दिवसांनी धुवा, पण सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग धरतात आणि ते मग निघत नाहीत, नळाचं पाणी वापरा. साबण पावडर नको, मऊ कापड आणि लांब दांड्याचा वायपर, आणि पॅनलवर पाय देऊन चढायचं नाही, वरून दिसलं नाही तरी आत सेलला चीर जाते.