क्रूसो खरा, पण जहाज फुटलेले नव्हते

प्रश्न : ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी एका खऱ्या खलाशावरून लिहिली आहे, असे शाळेत ऐकले होते. हा खलाशी कोण? आणि त्याचा सोबती फ्रायडे हाही खराच होता का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तो खलाशी म्हणजे अलेक्झांडर सेलकर्क. स्कॉटलंडमधील लोअर लार्गो गावी १६७६ मध्ये जन्मलेला, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा आणि स्वभावाने पुरता भांडखोर. कादंबरीतला क्रूसो जहाज फुटल्यामुळे बेटावर येऊन पडतो. सेलकर्क मात्र स्वतःच्या तोंडाने तिथे गेला. स्पॅनिश जहाजे लुटायला निघालेले ‘सिंक पोर्ट्स’ हे त्याचे जहाज १७०४ मध्ये चिलीच्या पश्चिमेकडील हुआन फर्नांडेझ बेटांपाशी थांबले असता, गळके जहाज डागडुजीवाचून पुढे नेऊ नये यावरून त्याचे कप्तान स्ट्रॅडलिंगशी वाजले आणि त्यापेक्षा आपण इथेच राहू, असे तो बोलून बसला. कप्तानाने त्याचा शब्द खाली पडू दिला नाही. लगेच पस्तावून तो परत यायला निघाला, तेव्हा त्याला जहाजावर घेतले गेले नाही. ते जहाज पुढे खरोखरच बुडाले, हे सांगायला हवे.

तो तिथे चार वर्षे चार महिने एकटा राहिला. झोपेत उंदीर पाय कुरतडत, म्हणून त्याने रानमांजरांना बकऱ्याच्या मांसाची चटक लावून आपल्याभोवती वावरायला लावले. बंदुकीची दारू संपल्यावर बकऱ्या तो धावत जाऊन धरू लागला. फेब्रुवारी १७०९ मध्ये वुड्स रॉजर्स या इंग्रज कप्तानाने त्याला सोडवले, तेव्हा बोलण्याची सवय मोडल्याने त्याच्या तोंडून शब्द अर्धेच निघत होते. रॉजर्सने ही हकीकत १७१२ मध्ये छापली आणि डॅनियल डिफोची कादंबरी १७१९ मध्ये आली. डिफोने बेट थेट दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीच्या मुखाजवळ नेले आणि मुक्काम २८ वर्षांचा केला.

सेलकर्कला फ्रायडे कधीच भेटला नाही. परंतु त्याच बेटावर १६८१ मध्ये मध्य अमेरिकेतील मिस्किटो जमातीचा विल नावाचा माणूस मागे राहिला होता. तो रानात शिकारीला गेला असताना स्पॅनिश जहाजे दिसली आणि त्याचे सोबती घाईने निघून गेले. दारूगोळा संपल्यावर त्याने चाकूला दाते पाडून त्याची करवत केली, तिने बंदुकीची नळी कापली आणि ते तुकडे विस्तवात तापवून, दगडाने ठोकून भाले व गळ बनवले. १६८४ मध्ये त्याची सुटका झाली, तेव्हा विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी तिथे हजर होता. पुढे सेलकर्कला सोडवणाऱ्या रॉजर्सच्या जहाजावरही हाच डॅम्पियर वाटाड्या होता. विलची कथा त्याने १६९७ मध्येच प्रसिद्ध केली होती, त्यामुळे ती डिफोच्या वाचनात आली असावी, असे मला वाटते. मात्र विलने ती तीन वर्षे कुणाचीही चाकरी न करता काढली. फ्रायडेला ‘मालक’ म्हणायला शिकवणारा क्रूसो ही लेखकाची स्वतःची भर आहे.