जुने रशियन चांदीचे पेले जमवायचे आहेत. सुरुवात कुठून करावी आणि खरं-खोटं कसं ओळखावं?

रशियन झारांचा प्रसिद्ध जवाहिऱ्या फाबर्जे, त्याचं नाव आधी डोक्यातून काढा. त्या नावाचे खोटे शिक्के इतके मारलेत की नवख्याच्या हाती खरी वस्तू लागणं अवघडच.

मी मॉस्कोत नोकरीला असताना चार्कापासून सुरुवात केली. चार्का म्हणजे व्होडकाची एका घोटाची वाटी, कडेला चपटा कान. मोठ्या भांड्यांत दोन महत्त्वाची: होडीच्या आकाराचा, दांड्याचा कोव्श आणि गोल पोटाची ब्रातिना. ब्रातिना पंगतीत हातोहात फिरायची. नावातला 'ब्रात' म्हणजे भाऊ. कोव्श झार इनाम म्हणूनही देत, कोसॅक सरदारांना वगैरे. जुने अस्सल नग क्रेमलिनच्या संग्रहालयात बघायचे. बाजारातले कोव्श बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे, जुन्या रशियन थाटाची हौस आली तेव्हाचे.

खरं काम बूड उलटं करून शिक्का वाचण्याचं. ८४ आकडा बघून लोकांना ८४ टक्के वाटतं. रशियात शुद्ध चांदी ९६ झोलोतनिक (जुनं रशियन वजन) धरत, म्हणून ८४ म्हणजे ९६ पैकी ८४ भाग चांदी, हजारात ८७५, म्हणजेच ८७५ टंच. कुठल्याही सराफाकडून कस काढून घ्या. पण टंच बरोबर निघाला म्हणजे पेला जुना, असं नाही. त्यासाठी बाकीचे शिक्के जुळायला हवेत. १८९९ पासून कोकोश्निक, म्हणजे रशियन शिरोभूषण घातलेल्या बाईचं डोकं, डावीकडे बघणारं. १९०८ पासून तेच उजवीकडे वळलं आणि सोबत ग्रीक अक्षर आलं: पीटर्सबर्गला अल्फा, मॉस्कोला डेल्टा. त्याआधी शहराची खूण असे. मॉस्कोचा घोडेस्वार सेंट जॉर्ज, पीटर्सबर्गचे एकमेकांवर आडवे जहाजाचे नांगर आणि राजदंड.

इथेच मी फसलो. एका बाजारात घेतलेल्या पेल्यावर सुरेख अक्षरांत भेटीचं साल '१८९१' कोरलेलं, आणि बुडाला उजवीकडे बघणारी बाई! भेट दिल्यावर सतरा वर्षांनी शिक्का? विक्रेता हसून म्हणाला, "नंतर मारला असेल." मीही मान डोलावली. चांदी मात्र खरी निघाली, तेवढंच.

बजेट कमी असेल तर चहाच्या काचेच्या ग्लासाभोवतीचा सोव्हिएत पोदस्ताकान्निक घ्या. ८७५ शिक्का नसेल तर तो बहुधा मेल्हिओरचा, म्हणजे तांबं-निकेलचा. चांदीच्या भावाने घेऊ नका. आणि रशियातून जुनी वस्तू आणायची तर तिथल्या परवानगीचे कागद आधी विचारा. विमानतळावर रडून उपयोग होत नाही.

एक शेवटचं. घरच्यांना सांगून ठेवा. माझ्या पहिल्या चार्काला आतून सोन्याचा मुलामा होता. आईने दिवाळीत तो देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि रांगोळी लावून लख्ख केला. आता आत निम्मं सोनं, निम्मी चांदी दिसते.