चालती गिरणी घ्यायची आहे, १८ लाख जास्त होतात का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर आहे, राहतो सक्करदऱ्यात. ओळखीतल्या एका काकाजींची पीठगिरणी आणि मिरची-मसाला कांडप आहे, स्वतःच्या नावाचा सावजी मसालाही पॅक करून विकतात. काकू पण दिवसभर दुकानातच असतात. मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून आता विकायचं म्हणतात. महिन्याला ६० हजार सुटतात म्हणे आणि १८ लाख मागतात. गाळा त्यांचाच, तो विकणार नाहीत, १० हजार भाडं घेतील. माझ्याजवळ ५ लाख आहेत, बाकी लोन काढावं म्हणतो. घ्यावं का? बायको म्हणते नोकरी सोडू नका.

उत्तर: भाऊ, धंदा चांगला आहे पण १८ लाखात घेऊ नका, हे आधीच सांगते.

पहिले तर ते ६० हजार कोणत्या महिन्याचे ते विचारा. नागपुरात मार्च ते मे कांडपासमोर लाईन लागते, कळमन्यातून मिरची आणून लोक वर्षभराचं तिखट करून ठेवतात, भिवापुरीच पाहिजे म्हणणारे तर आतापण आहेत, आणि पावसाळ्यात तीच मशीन बरेच दिवस बंद असते. उन्हाळ्याच्या आकड्याला १२ ने गुणलं की फसलात. वहीपेक्षा महावितरणची दोन वर्षांची बिलं मागा, युनिट खोटं बोलत नाहीत. एक दिवस तिथे बसा, सकाळ-संध्याकाळ मीटरचं रीडिंग घ्या, किती किलो दळलं ते लिहा, गव्हाचं वेगळं आणि मिरचीचं वेगळं, म्हणजे एका युनिटला किती किलो निघतं ते कळेल आणि त्यावरून वर्षभराची दळणाची कमाई तुम्हीच काढू शकाल. मसाल्याचं वेगळं, त्याची खडा मसाला खरेदीची बिलं पाहा.

समजा ६० हजार हे वर्षाची खरी सरासरी निघाली. पण काकाजी स्वतःला गाळ्याचं भाडं देत नाहीत, तुम्ही १० हजार देणार. काकूंच्या जागी माणूस ठेवाल त्याचे १२ हजार धरा. पाटे, बेल्ट, मोटर यांचे महिन्याला ३ हजार बाजूला टाकावेच लागतात. उरले ३५ हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, आणि यात तुमची स्वतःची मेहनतपण आली! मालकाच्या अंगमेहनतीवर चालणाऱ्या अशा धंद्याला मी वर्षाच्या कमाईच्या दोन ते अडीच पट देते, त्यावर नाही. म्हणजे साडेआठ ते साडेदहा लाख, मशिनी त्यातच आल्या.

आता हप्ता पाहा. १३ लाखाचं लोन १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं तर हप्ता जवळपास २९ हजार, घरी येणार ६ हजार. ७ लाख काढलं तर हप्ता साडेपंधरा हजार, घरी १९ हजारावर येतात. वहिनींची भीती बरोबर आहे ना मग.

पीएमईजीपी या सरकारी योजनेच्या सबसिडीच्या भरवशावर राहू नका, ती नवीन युनिटलाच मिळते, चालता धंदा विकत घ्यायला नाही. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत तरुण गटात १० लाखांपर्यंत बिनातारण मिळतं, २० लाखांचं तरुण प्लस आधी तरुणचं कर्ज फेडलेल्यांसाठी आहे. बँक मशीनवर पैसे देते, जुनी असली तर व्हॅल्युअरचा रिपोर्ट मागते, पण काकाजींच्या नावावर आणि गिऱ्हाइकांवर द्यायला मागेपुढे पाहते. तो भाग काकाजींनाच हप्त्याने द्या, दीड-दोन वर्षांत, लेखी करून. त्यांचेच पैसे अडकलेले असले की ते गिऱ्हाइकांची ओळखपण मनापासून करून देतात. आणि सगळं बँकेतून. २ लाख किंवा त्यावर रोख घेतली तर आयकर कायद्यात घेणाऱ्यालाच तेवढा दंड बसू शकतो, हे त्यांनापण सांगा.

करारात मसाल्याचं नाव तुमच्याकडे येतं हे पाहिजे, आणि ते जवळपास पुन्हा तोच धंदा टाकणार नाहीत हे पण. गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि गिऱ्हाइकं, विकताना अशी वाजवी अट १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम २७ नुसार चालते. मसाल्याचं प्रमाण तोंडी नको, काकूंकडून समोर काट्यावर मोजून लिहून घ्या, अंदाजे मूठ-चिमूट नाही. जीएसटी नंबर असेल तर मागची थकबाकी आहे का ते सीएकडून तपासून घ्या, कारण धंदा घेणाऱ्यावरपण ती येते. फूड लायसन्स तुमच्या नावाने नवीन काढा, थ्री-फेजचं मीटर नावावर करा, भाडेकरार किमान ५ वर्षांचा आणि रजिस्टर केलेला, नाहीतर लोन फिटायच्या आतच गाळा खाली करा म्हटलं तर कुठे जाल.

राजीनामा आताच देऊ नका, सुट्टी टाकून जुलै-ऑगस्टमध्ये काही दिवस गल्ल्यावर बसा. काकाजी १८ वरून ११ च्या खाली येत नसतील आणि बिलंपण दाखवत नसतील तर टोकन देऊ नका.