रोज दही खातोय, प्रोबायोटिकही चालू आहे, तरी पोट साफ का होत नाही?

तुमचं म्हणणं असं की महिनाभर रोज वाटीभर दही खाताय, वर प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणूंची कॅप्सूल पण घेताय, तरी बद्धकोष्ठता आहे तशीच, मग हे सगळं थोतांड आहे का. थोतांड नाही हो, पण दह्याकडून अपेक्षा जरा जास्तच ठेवलीत. मलाही हा त्रास जुना आहे, त्यामुळे यावर बरंच वाचून झालंय.

पहिलं म्हणजे सगळे जिवाणू सारखे नसतात. बद्धकोष्ठतेसाठी त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस नावाच्या जिवाणूचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी 2014 मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या, तर प्रोबायोटिकने अन्न आतड्यातून पुढे सरकायचा वेळ सरासरी 12 तासांच्या आसपास कमी झाला आणि आठवड्यात शौचाला साधारण एकदा जास्त झालं, आणि हा फायदा मुख्यतः लॅक्टिसनेच दिसला. म्हणजे फरक पडतो, चमत्कार नाही. साध्या योगर्टमधले जंतू वेगळे, तेव्हा कॅप्सूलच्या डबीवर जिवाणूचं पूर्ण नाव वाचा, नुसतं 'प्रोबायोटिक' लिहिलंय म्हणून घेऊ नका. चार आठवड्यांत काहीच फरक नाही पडला तर बंद करा, उगाच पैसे कशाला घालवायचे.

किमची (कोरियन आंबवलेल्या भाज्या), सावरक्राउट (आंबवलेला कोबी), केफिर (आंबवलेल्या दुधाचं पेय) हे पण खाऊन बघा, मात्र शिजवलं की जिवाणू मेले, आणि बरणीतलं नुसतं व्हिनेगरमध्ये बुडवलेलं लोणचं आंबवलेलं नसतंच. किमचीत मीठ भरपूर असतं, बीपी असेल तर जपून. सुरुवातीला गॅस होतो, म्हणून दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा.

आता खरी मेख. मोठ्या आतड्यातले जिवाणू फायबर खाऊन जी आम्लं बनवतात त्यांनी आतड्याची हालचाल वाढायला मदत होते, शिवाय फायबर पाणी धरून ठेवतं म्हणून मल मऊ राहतो. जेवणात भाज्या, डाळी, फळं नसतील तर ते बिचारे उपाशीच ना! इसबगोल भरपूर पाण्यासोबत, नाहीतर रोज दोन किवी, हे मला स्वतःला दह्यापेक्षा जास्त लागू पडलं.

आणि हो, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीनवाली पेनकिलर असं काही चालू असेल तर बद्धकोष्ठता त्यामुळेही असू शकते, डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त, आपोआप वजन घटणं, किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला त्रास असेल तर दही-बिही राहू दे, सरळ दवाखाना गाठा.