सगळे जमतात तेव्हा काकांना न्यायचं की नाही?

"मॅडम, यंदा सणाला आम्ही जातच नाही कुणाकडे, कोणाकोणाला उत्तरं देत बसू?" काकू आल्या आल्याच हे म्हणाल्या. सोबत काका होते, त्यांना पार्किन्सन्स होऊन 6 वर्षं झालीयेत. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) सण जवळ आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, न्यावं तर लोक टक लावून बघतात, न न्यावं तर आपणच माणसाला घरात कोंडून ठेवल्यासारखं वाटतं.

मागच्या वर्षी काय झालं होतं ते काकूंनी सांगितलं. मोठ्या दिरांकडे सगळे जमलेले, जेवायला बसेपर्यंत 3 वाजले, आणि काकांची 1 ची गोळी काकूंनी "जेवणाबरोबरच देऊ" म्हणून मागे ठेवली. तोवर आधीच्या गोळीचा असर उतरला होता. काका जेवायला उठले आणि खोलीच्या दारातच थिजले, पाय काही केल्या उचलेनात. पुतण्याने मदत म्हणून दंडाला धरून ओढलं, अंग पुढे गेलं आणि पाय तिथेच, पडता पडता वाचले. मग जेवताना हात इतका थरथरला की वाटी शर्टावर सांडली आणि सगळे एकदम गप्प झाले. वर निघताना दीर म्हणाले, "दिवसभर तोंड फुगवून बसला होता, यायचं नव्हतं तर तसं सांगायचं."

काकूंना वाटी सांडल्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं होतं, आणि खरं सांगू, मलाही. कारण काका रागावलेले नव्हतेच. या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, हालचाली मंदावतात, तशा चेहऱ्याच्या स्नायूंच्याही मंदावतात. आतून माणूस खूश असला तरी हसू चेहऱ्यावर उमटत नाही, पापण्यासुद्धा कमी लवतात, आवाज बारीक होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हा रुसलाय. हात थरथरतो तो निदान दिसतो तरी, पण हे कुणाला सांगितल्याशिवाय कळतच नाही, आणि नाती दुखावतात ती बहुतेक इथेच.

मी काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? लगेच काकू बोलायला लागल्या. म्हटलं काकू, थांबा जरा. बराच वेळ कोणी बोललं नाही, काकांचा अंगठा बोटांवर फिरत होता, आणि मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "मला भावाकडे जायचंय. फक्त सगळ्यांसमोर जेवायचं नाही." इतके दिवस घरात न्यायचं की नाही यावर चर्चा चाललेली आणि त्यांना विचारलंच नव्हतं कुणी!

मग आम्ही तो दिवस गोळीच्या घड्याळावर बसवला. काकांची ती गोळी लेवोडोपाची, मेंदूत जाऊन तिचं डोपामिन बनतं, ती वेळेवर म्हणजे वेळेवरच, यजमानांचं जेवण कधी का होईना. जेवणातली प्रथिनं तिच्या शोषणात आड येऊ शकतात म्हणून बऱ्याच जणांना ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात, तुमचं काय ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला आधीच विचारून ठेवा, मनाने डोस मागेपुढे करू नका. आणि हो, प्रवासात कुणी उलटीची गोळी सहज हातावर ठेवली तर घेऊ नका, मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधांनी पार्किन्सन्सचा त्रास वाढतो. काकांचा चांगला वेळ गोळीनंतर साधारण तासाभराने सुरू व्हायचा, म्हणून तेव्हाच पोचायचं, दोन-अडीच तास थांबायचं, निघायची वेळ आधीच सांगून ठेवायची, आणि टेकायला एक शांत खोली मागून घ्यायची. मागायला लाजायचं काय त्यात, आपल्याच माणसांचं घर आहे.

नातेवाइकांना फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकायचा ठरला. काकू लिहायला बसल्या, पण शब्द काकांचेच घेतले: "माझा चेहरा गंभीर दिसला तरी मी रागावलेलो नाही. प्रश्न विचारला की उत्तराला जरा वेळ द्या. दारात अडकलो तर ओढू नका, शेजारी उभं राहून एक-दोन, एक-दोन म्हणा." थिजलेल्या पायांना असा ठेका मिळाला की बऱ्याच जणांचं पाऊल सुटतं, ओढलं तर तोल जातो. काकूंना वाटत होतं लोक कीव करतील. मी म्हटलं, करतील काही जण, पण तोंड फुगवून बसला म्हणण्यापेक्षा बरं.

सणानंतर दोघं परत आले. सगळं काही छान झालं नव्हतं, एका पाहुण्यांनी सगळ्यांसमोर "हात फारच हलतो हो" म्हटलंच, आणि काका ठरल्यापेक्षा लवकर थकले. काकू हे सांगत होत्या, मध्येच काकांचे ओठ हलले आणि त्या गप्प झाल्या, हात मांडीवर ठेवून वाट बघत बसल्या. काका हळूहळू सांगायला लागले, दारात परत पाय अडकले, पुतण्या शेजारी येऊन एक-दोन म्हणायला लागला, भाऊही म्हणायला लागला, आणि मग जेवताना भाऊ आपलं ताट घेऊन त्यांच्याबरोबर आतल्या खोलीत येऊन बसला.